धरणातल्या माशावरचे काळे ठिपके आणि पित्ताचं ‘औषध’

पावसाळा ओसरला की नाशिकमध्ये गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांच्या मासळीला गिऱ्हाईक वाढतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: माशाच्या मांसात काळे ठिपके किंवा पिवळे दाणे दिसले तर तो कारखान्याच्या पाण्यावर वाढलेला आहे, खाल्ला तर कॅन्सर होतो. कापलेल्या तुकड्यावर हिरवी-जांभळी झाक दिसली तर माशाला इंजेक्शन दिलेलं आहे. शंका आली तर लिंबू-मीठ चोळून तासभर ठेवा, सगळे किडे मरतात. कल्ले लालभडक असतील तर डोळे झाकून घ्या. आणि शेवटी, रोहू-कटल्याचं पित्त फेकू नका, कच्चंच गिळलं की शुगर उतरते.

यातला एकही मुद्दा टिकत नाही. पहिल्या दोन मुद्द्यांपायी चांगला मासा उकिरड्यावर जातो आणि रात्रभर जाळ्यापाशी बसलेल्या माणसाचं नुकसान होतं. पुढच्या दोन मुद्द्यांवर विसंबून माणूस आजारी पडू शकतो. शेवटच्या वाक्यापायी मूत्रपिंडं निकामी होतात, आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

काळ्या ठिपक्यांपासून सुरुवात करू. मासा साफ करताना कातडीवर, परांवर मिरीची भरड सांडावी तसे ठिपके दिसतात. हा रसायनाचा डाग नव्हे. एका चपट्या कृमीची अळी पाण्यातून माशाच्या कातडीत शिरते आणि मासा तिच्याभोवती स्वतःचंच काळं रंगद्रव्य जमवून तिला कोंडून टाकतो. पिवळा दाणा तिच्याच एका नातलगाचा, क्लिनोस्टोमम नावाच्या कृमीचा. तो मरळीत आढळतो, इतर माशांतही आढळतो, बहुतेकदा कल्ल्याच्या झाकणाच्या आत, परांच्या मुळाशी किंवा मांसात. सुरीच्या टोकाने दाणा फोडला की जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा पिवळट-पांढरा जीव बाहेर येतो आणि ओल्या पाटावर हळूहळू आखडतो, पसरतो. पाहणाऱ्याला किळस येणारच, त्यात काही चूक नाही. पण किळस वेगळी आणि विष वेगळं.

या कृमीचा फेरा असा: मोठा कृमी राहतो बगळ्याच्या तोंडात आणि घशात. त्याची अंडी पाण्यात पडतात, अंड्यातून निघालेली अळी गोगलगायीत शिरते, तिथे वाढून पुन्हा पाण्यात येते आणि मासा गाठते. तो मासा बगळ्याने खाल्ला की फेरा पूर्ण. म्हणजे जिथे बगळे, गोगलगायी आणि मासे तिन्ही आहेत तिथे हा दाणा सापडणारच. आपल्या जिल्ह्यात बगळ्यांना तोटा नाही. नांदूरमध्यमेश्वरला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा 2020 मध्ये जाहीर झाला, महाराष्ट्रातला पहिला, तो तिथल्या पक्ष्यांच्या जोरावरच. तेव्हा पिवळा दाणा दिसला म्हणून पाण्यात कारखान्याचं सांडपाणी आहे असं ठरत नाही. पाणी स्वच्छ आहे असंही ठरत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

असा मासा खायचा का? दाणे मोजके असतील तर काढून टाका, नीट शिजवा आणि खा. शिजवल्यावर अळी मरते. मासा हडकुळा असेल, मांसात जागोजागी दाणे असतील, तर नका घेऊ. तो चवीलाही बरा लागणार नाही. जपान-कोरियात कच्चा मासा खाणाऱ्यांच्या घशाला हा कृमी चिकटल्याच्या नोंदी आहेत, त्या कच्च्याच्या. कल्ल्यांवर कधी पांढऱ्या बारीक गाठी दिसतात, त्या मिक्सोबोलस नावाच्या परजीवीच्या. त्याची बाधा माणसाला होत नाही.

ज्या गोष्टीकडे खरंच बघायला हवं तिचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही: अंगावरचे लाल चट्टे आणि उघड्या जखमा. थंडी सुरू झाली, पाणी गार पडलं की मरळीत हा रोग दिसतो. 1988 मध्ये तो ईशान्येकडून भारतात शिरला आणि देशभर पसरला. बुरशीसारखा एक सूक्ष्मजीव मांसात खोल उतरतो आणि जखम आतपर्यंत सडत जाते. हा सूक्ष्मजीव माणसाला धरत नाही, पण सडलेल्या जखमेत दुसरे जीवाणू घर करतात आणि त्यांतले काही आपल्या हातावरच्या चिरेतूनही शिरू शकतात. असा मासा घेऊ नका. ‘तेवढा भाग कापून देते’ असं कुणी म्हटलं तरी नको. हाताला कापलेलं असेल तर त्याला हातही लावू नका.

आता झाक. माशाचे स्नायू बारीक तंतूंचे असतात. धारदार सुरीने ते आडवे कापले गेले की ओल्या पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो आणि हिरवे-जांभळे रंग दिसतात. तुकडा हातात धरून थोडा कलता करा. झाक सरकली किंवा नाहीशी झाली तर तो प्रकाशाचा खेळ. रंग घातला असता तर जागचा हलला नसता. आणि सकाळी धरणातून निघून दुपारपर्यंत विकल्या जाणाऱ्या माशाला इंजेक्शन द्यायला कोण पैसे खर्च करेल? मात्र तुकडा बुळबुळीत लागला, वास आंबूस आला, तर झाक असो वा नसो, तो टाकायचाच.

लिंबू-मिठाचा सल्ला साळसूद वाटतो, म्हणून तो जास्त घातक. लिंबाने मांस पांढरं पडतं आणि शिजल्यासारखं दिसतं. ते आम्लाचं प्रथिनांवरचं काम आहे, अळीवरचं नव्हे. मेक्सिकोत लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा खाऊन ग्नॅथोस्टोमा या कृमीची बाधा झालेले रुग्ण आहेत. ती अळी माणसाच्या कातडीखाली फिरत राहते, क्वचित डोळ्यात किंवा मेंदूत पोचते. आशियात मरळीसारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत ती सापडते, म्हणून हा विषय आपल्यापासून लांबचा नाही.

आपण कुठे कच्चा मासा खातो, असं कुणी म्हणेल. जाणूनबुजून नाही खात. पण धरणाकाठच्या पार्टीत दोन किलोचा कटला मसाला लावून अख्खा सिगडीवर चढतो, वरून काळा होईपर्यंत भाजला जातो आणि काट्याजवळ तो गुलाबी, चिकट असतो. तिथली अळी जिवंत राहू शकते. काट्यालगतचं मांस अपारदर्शक झालं पाहिजे आणि बोटाने दाबल्यावर पाकळ्या सुटल्या पाहिजेत. आत 63 अंश सेल्सिअस तापमान गाठलं की हे होतं. जाड माशाला काट्यापर्यंत चिरा द्या, किंवा सरळ तुकड्या करा. गोठवून अळी मारायची तर उणे 20 अंशांत सात दिवस लागतात, आणि घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा बहुतेक वेळा तेवढा गार होत नाही. लिंबाचा खरा उपयोग वेगळा. धरणाच्या माशाला जो मातकट वास येतो, तो पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा. त्याने अपाय होत नाही, आणि लिंबू, चिंच, कोकम यांनी तो उतरतो. आपल्या आज्यांनी चिंचेचा कोळ माशात घातला तो उगाच नव्हे.

लाल कल्ले ही ताजेपणाची खूण, आणि तीसुद्धा फुगीर चकचकीत डोळे, ताठ अंग, दाबल्यावर परत वर येणारं मांस यांच्या जोडीने बघायची. ताजा म्हणजे सुरक्षित नव्हे. पाण्यात कीटकनाशक ओतून मारलेला मासा तासाभरात बाजारात आला तर त्याचेही कल्ले लाल असतील. पाण्यात विष किंवा स्फोटक टाकून मासे मारणं 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, तरी हे प्रकार थांबलेले नाहीत. जड धातू तर डोळ्यांना, नाकाला, जिभेला, कशालाच कळत नाहीत. म्हणून माशाकडे बघण्याआधी विकणाऱ्याला विचारा: मावशी, कुठल्या पाण्यातला? जाळ्यातला की गळाचा? बाहेर काढला तेव्हा जिवंत होता का? गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे आणि शहराचं सांडपाणी गोदावरीला त्याच्या खाली मिळतं. एकाच नदीचा मासा असला तरी या दोन जागांत फार फरक पडतो. पहिल्या पावसात साचलेली घाण वाहून येते, ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, मग उलटे तरंगतात. ते फुकट मिळाले तरी गोळा करू नका, कल्ले कितीही लाल असोत.

पित्ताबद्दल मी हात जोडून सांगतो, हा मेसेज कुणाच्याही वडिलांच्या फोनवर जाऊ देऊ नका.

रोहू, कटला, मृगळ, गवत्या हे सगळे कार्प कुळातले मासे. त्यांच्या यकृताला चिकटलेली जी हिरवी-काळी पिशवी असते, तिच्यातल्या पित्तात सायप्रिनॉल हे विषारी द्रव्य असतं. ते शिजवल्यानेही जात नाही. मध घालून घेतलं, दारूत टाकून घेतलं, तरी विष तेवढंच. काही तासांत उलट्या, पोटदुखी, जुलाब सुरू होतात. माणसाला वाटतं मासा बाधला. दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते, यकृताला सूज येते आणि डायलिसिसची वेळ येते. 1995 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मेरिलँड आणि पेनसिल्व्हेनियातले असे रुग्ण नोंदवले. भारतातल्या डॉक्टरांनीही रोहूचं कच्चं पित्त गिळलेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. मधुमेह, दमा, सांधेदुखी यावरचा उपाय म्हणून लोक ते घेतात. ज्याची मूत्रपिंडं मधुमेहाने आधीच थकली आहेत, नेमका तोच या सल्ल्याला बळी पडतो, याचा मला मनापासून राग येतो.

मासा कापताना पिशवी फुटली तर पोटाकडच्या मांसावर हिरवट-पिवळा डाग पडतो. घाबरण्याचं कारण नाही. लगेच वाहत्या पाण्यात धुवा, डाग लागलेला भाग थोडा जास्तीच घेऊन कापून टाका. उरलेला मासा चालतो. पिशवी मात्र कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, मांजरालाही देऊ नका.

आणि घरात कुणी ती आधीच गिळली असेल तर उलटी होण्याची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी मूत्रपिंडाचे डॉक्टर असलेल्या दवाखान्यात न्या आणि ‘माशाचं पित्त गिळलंय, अमुक वाजता’ हे आपणहून सांगा. रुग्ण लाजून सांगत नाही, डॉक्टर अन्नातून विषबाधा समजून सलाईन लावून घरी पाठवतात, आणि लघवी तपासायचं राहून जातं. लवकर डायलिसिस मिळालं तर बहुतेकांची मूत्रपिंडं काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात.