जातं थांबलं की जाग यायची

आज दुपारपासून डोकं तापलंय. परभणीत एका कॉलेजात नवोदितांचं कविसंमेलन होतं, मी नुस्ता ऐकायला गेलो होतो. एक पोरगी उठली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असंल, गंगाखेडकडची. हातात कागद होता पण तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही, डोळे मिटले आणि कविता गायली. चाल साधीच, आपल्याकडच्या बाया दळताना-कांडताना म्हणतात तशी. कापूस वेचणाऱ्या मायच्या बोटांवर होती कविता, बोंडाच्या काट्यांनी चिरलेल्या बोटांवर. सगळा हॉल गप्प. आणि मग अध्यक्ष म्हणून बसलेल्या गृहस्थांनी माईक ओढला आणि म्हणाले, "बाळ, कविता वाचायची असते, गायची नसते. गाणं वेगळं, साहित्य वेगळं." पोरगी खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांच्या बोलण्याला.

गंगाखेडच्या पोरीला सांगायलेत हे! जनाबाईच्या गावाकडच्या पोरीला!

मी तिथं काही बोललो नाही, याचा मला जास्त राग आलाय. म्हणून आता इथं लिहायलो.

माझी आजी पाथरी तालुक्यातली, गंगेच्या काठचं गाव. (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.) गावात गिरणी आली होती तरी घरातली ज्वारी ती जात्यावरच दळायची, पहाटे चारला उठून. मी तिच्या मांडीला डोकं लावून झोपायचो. जात्याची घरघर, जात्यात वैरण, म्हंजे दाण्यांची मूठ, टाकताना तिच्या हाताला बसणारा हिसका, आणि वरून ओवी, हे सगळं मिळून माझी झोप होती. त्या आवाजानं मी कधी जागा झालो नाही. जागा व्हायचो ते जातं थांबलं की.

आणि जातं दळण संपायच्या आधीच थांबायचं. मी डोळे किलकिले करून बघायचो तर आजी खुंटा धरून तशीच बसलेली, ओठ हलायलेत, आवाज नाही. एकदाचं मला पक्कं आठवतं. माझी आत्या तिकडं माजलगावकडं दिलेली, पावसाळ्याचे दिवस, गंगेला पाणी आलेलं. आजी म्हणत होती,

पाऊस पडतो गं, गंगेच्या पलीकडं
लेकीचं माझ्या गाव, मन जातं तिकडं

आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग खुंट्याला हिसका दिला, जातं फिरलं आणि ती म्हणाली, "जीव ओढं तिकडं." पुन्हा म्हणाली. मग पुढं गेली.

मला ते कळायला तीस वर्षं लागली. जातं आपण ओढतो ना? हात जातं ओढायला, जीव लेकीकडं ओढायला. 'मन जातं' म्हणायला कुणालाबी येतं. 'ओढं' हा शब्द तिला तिच्या दंडातून सापडला. जी बाई आयुष्यभर अंगठा उठवत आली ती पहाटे चारला अंधारात बसून शब्द खोडत होती, दुसरा घालत होती, म्हणून बघत होती. हे साहित्य नाही तर मग काय आहे? सांगा ना मला कुणीतरी!

आपला मराठवाडा म्हंजे काय आहे हे या लोकांना माहीत नसतं का? नरसीच्या नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, नांदेडला आपण ज्या ग्रंथापुढं माथा टेकतो त्यात, आणि त्या ग्रंथाची मांडणीच मुळी रागांनुसार केलेली आहे. म्हंजे ज्यांनी तो ग्रंथ रचला त्यांना शब्द आणि गाणं वेगळं करावं वाटलं नाही. पैठणच्या नाथांनी भारुडं लिहिली ती काय टेबलावर ठेवून मनातल्या मनात वाचायला लिहिली? आपेगावचे ज्ञानोबा एवढं मोठं तत्त्वज्ञान सांगायला बसले आणि छंद कुठला घेतला तर ओवी, जी बायांच्या तोंडात होती ती. आणि अभंगाचा मोठा प्रकार घ्या, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, शेवटचा चरण आखूड. तिथं जी जागा मोकळी राहते तिथं टाळ वाजतो. ती जागा कवीनं सोडलेली असते. टाळ काढून टाका आणि मग म्हणा आम्हाला अभंग कळला.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोन अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर आहेत. त्यात आमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या आहेत. कधी ऐका. एवढ्या बाया, एवढे शब्द, आणि कोण म्हणतं गाणं वेगळं.

बरं, एक गोष्ट खरी आहे, ती मी मान्य करतो. गोड गळ्याच्या जोरावर फालतू कविता खपवणारे लोक आहेत, मंचावर दर वेळी दोन-तीन असतातच. चालीखाली पोकळ शब्द लपतात. पण म्हणून ह्या पोरीला झापायचं? तिच्या एका ओळीत मायच्या बोटांना 'कापसाच्या वाती' म्हटलं होतं, ती ओळ कागदावर तशीच उभी राहते. नीट ऐकलं असतं तर कळलं असतं.

मी स्वतः चौदा-पंधरा वर्षं झाली कथा लिहितो. लिहिताना गाणं लावता का असं पोरं विचारतात. नाही लावत, शब्द असलेलं तर अजिबातच नाही, दुसऱ्याचे शब्द मधी येतात. पण लिहून झालं की मी प्रत्येक परिच्छेद मोठ्यानं म्हणतो, खोलीचं दार लावून. म्हणता म्हणता एखाद्या ठिकाणी अडखळतो. तिथं काहीतरी चुकलेलंच असतं, एखादा शब्द जास्तीचा, नाहीतर मी तिथं खोटं लिहिलेलं असतं. व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य बरोबर असतं तरी. मला दर वेळी तेच होतं, जातं थांबतं आणि मी जागा होतो. हे कान मला कुठल्या कार्यशाळेत मिळाले नाहीत. गावातल्या सप्त्यात मिळाले, कीर्तनकार बोलता बोलता जिथं थांबायचे आणि पखवाजवाला नेमका तिथंच थाप द्यायचा, तिथं मिळाले. संबळ वाजवत गोंधळी रात्रभर कथा सांगायचे, लोक हलायचे नाहीत, तिथं मिळाले. आणि सगळ्यात आधी त्या मांडीवर.

मधी पुण्याला नोकरीला होतो, पाच वर्षं. एक ओळ लिहिली नाही. कामाचं ओझं होतं असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हंजे तिथं आजूबाजूला कुणी गुणगुणतच नव्हतं. (पुण्याच्या मित्रांनी राग मानू नये, तो माझा फ्लॅट तसा होता.)

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ते अध्यक्ष वाईट माणूस नाहीत, त्यांनी आम्हाला एकेकाळी चांगली पुस्तकं दाखवली. त्यांच्या घरीबी कुणीतरी दळत असंलच की. त्यांना ते आठवत नसंल, किंवा आठवायचं नसंल.

कार्यक्रम संपल्यावर स्टँडवर ती पोरगी दिसली, गंगाखेडच्या गाडीची वाट बघत. मी जवळ गेलो, म्हटलं, माय, तू गायलीस तेच बरोबर होतं, कुणाचं ऐकून बंद करू नको. ती काही बोलंना, डोळे भरले होते. मग मी तिला आजीची गोष्ट सांगितली, मन जातं आणि जीव ओढं. तिनं लगेच दोन्ही ओळी हळू आवाजात म्हणून बघितल्या, तिच्या चालीवर, आणि हसली. म्हणाली, "सर, 'ओढं' वर हात आपोआप फिरतो."

मग म्हणाली, "पुढची ओवी काय होती?"

मला आली नाही. पुढं होत्या, लई होत्या, दळण संपेपर्यंत आजी म्हणत राहिली होती हे मला माहीत आहे. पण मी त्या कधी लिहून घेतल्या नाहीत. मी, लेखक. आजीला जाऊन सव्वीस वर्षं झाली. जातं अंगणात उलटं पडलंय, त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय.

पोरगी गाडीत बसली, खिडकीतून हात केला. मी घरी आलो आणि तेव्हापासून ती पुढची ओवी आठवायलो. चाल येते, अगदी जशीच्या तशी, कुठं आवाज खाली यायचा तेबी येतं. शब्द येईनात.

आत्या आहे अजून, माजलगावला, पंच्याऐंशीची. ऐकू कमी येतं पण बोलणं खणखणीत आहे. आता झोपली असंल. सकाळी फोन लावतो आणि म्हणतो, आत्या, पाऊस पडतो गं गंगेच्या पलीकडं, आता पुढचं तू म्हण.