‘शंखांचा खच पडलेला असताना टंचाई कसली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हर्मिट क्रॅबवरच्या, म्हणजे रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांवरच्या, माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया बऱ्याच वाचकांच्या नजरेला पडली आहे, म्हणून उत्तर इथेच आणि जरा सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: किनाऱ्यावरचे रिकामे शंख उचलून नेऊ नयेत, कारण हर्मिट क्रॅबची वाढ आणि संख्या त्यांच्यावर अवलंबून असते, असं मी लिहिलं होतं. आपल्या मते हा लेख ‘भाबडा आणि बालिश’ आहे. ‘शंखांचा खच पडलेला असताना टंचाई कसली?’ असं आपण विचारता. संख्या ठरते ती अळ्या किती जगतात आणि भक्षक किती खातात यावर, हर्मिट क्रॅब रांग लावतात हे माणसाचे गुण प्राण्याला चिकटवणं आहे, आणि शेवटी ‘लेखकाने आधी विषयाचा अभ्यास करावा’.

त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. हे वाक्य मला नवीन नाही. एका परिसंवादात मी प्रश्न विचारायला उभा राहिलो, तेव्हा व्यासपीठावरून आधी माझी पदवी विचारली गेली आणि प्रश्न तसाच राहून गेला. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाहीच. पण विद्यार्थिदशेपासून ओहोटीच्या वेळा वहीत मांडून मी खडकांतल्या डबक्यांपाशी बसत आलो आहे. शंखावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायचा, पुढच्या उधाणाच्या ओहोटीला त्याच डबक्याशी जायचं आणि त्या शंखात आता कोण राहतंय ते बघायचं, हे मी वर्षानुवर्षं केलं आहे. ठिपका तोच, आतला प्राणी निराळा. कधी त्याच जातीचा, कधी दुसऱ्याच. याला आपण अभ्यास म्हणणार नसाल तर नका म्हणू. पण ‘बालिश’ लिहिण्याआधी, हे तुम्ही कशावरून म्हणता, एवढं विचारता आलं असतं. मतभेद मांडायला तो शब्द लागत नाही.

आता त्या खचाबद्दल. एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो: भरतीच्या रेषेवर वाळूत दिसणारे बरेचसे शंख फुटके, झिजलेले असतात आणि हर्मिट क्रॅबच्या उपयोगाचे नसतात. खच दिसतो, एवढं आपलं बरोबर आहे. मात्र त्याच कारणाने आपला प्रश्न उभा राहत नाही. रिकामा पडलेला शंख हा बहुतेक वेळा नाकारलेला शंख असतो. चांगला शंख पाण्यात फार काळ रिकामा राहतच नाही. जे उरलंय ते मोजून पुरवठा भरपूर आहे असं ठरवणं चूक आहे, आणि आपली सगळी प्रतिक्रिया याच एका वाक्यावर उभी आहे.

या प्राण्याचं पोट मऊ असतं, त्यावर टणक कवच नसतं, आणि ते शंखाच्या वळणात बसेल असं पिळलेलं असतं. मागच्या टोकाच्या आकड्यांनी तो शंखाच्या मधल्या खांबाला धरून राहतो. शंख त्याला स्वतः बनवता येत नाही, आणि जिवंत गोगलगाय मारून तो सहसा मिळवतही नाही. म्हणून पाण्यात कुठे एखादी गोगलगाय शिकार होत असल्याचा वास लागला की काही जातींचे हर्मिट क्रॅब त्या दिशेने जमू लागतात. शंख हवा तो नेमका. आत पूर्ण शिरता येईल इतकी जागा, नांगीने अडवता येईल असं तोंड, पेलवेल इतकं वजन, कुठे भोक नाही. कात टाकून तो वाढला की हे सगळं माप पुन्हा बदलतं. घट्ट शंखात अडकलेल्याची वाढ मंदावते. मादी अंडी पोटाला चिकटवून शंखाच्या आतच सांभाळते, त्यामुळे शंख लहान पडला की अंडीही कमी मावतात. शंखांचा प्रश्न संख्येच्या प्रश्नाला इथे थेट येऊन भिडतो. याबद्दल आपल्या प्रतिक्रियेत एक शब्दही नाही.

आणि शंख जर मुबलक असतील तर हे प्राणी त्यांच्यासाठी भांडतात कशाला? पॅग्युरस बर्नहार्डस या जातीत हल्ला करणारा आपला शंख समोरच्याच्या शंखावर पुन्हा पुन्हा आपटतो, थांबतो, परत आपटतो. आतला बाहेर येईपर्यंत किंवा स्वतः दमेपर्यंत हे चालतं. बेलफास्टमध्ये रॉबर्ट एलवुड यांनी अनेक वर्षं या झुंजींवर काम केलं. त्याआधी, 1972 मध्ये, रिचर्ड व्हॅन्स यांनी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता: खडकाळ भागात जादा रिकामे शंख टाकले आणि तिथली हर्मिट क्रॅबची संख्या वाढली. सगळ्याच किनाऱ्यांवर असंच होईल असं मी लेखात म्हटलेलं नव्हतं. पण ‘टंचाई कसली’ असं सरसकट विचारणाऱ्याने निदान हा प्रयोग तरी वाचलेला असावा.

रांगेबद्दल. 1988 मध्ये इव्हान चेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एक रिकामा शंख मिळाला की एक जण त्यात जातो, त्याचा सोडलेला शंख दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा. जमिनीवर राहणाऱ्या जातीत तर हे प्राणी मोठ्या शंखाजवळ मापाप्रमाणे एकामागे एक थांबतात आणि मग झटपट अदलाबदल होते. बेलीझमधली ही निरीक्षणं 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. माणसाचे गुण मी कुठे चिकटवले? उचललेला एक शंख अशा साखळीतल्या अनेकांच्या वाट्याचा असू शकतो, इतकंच मी लिहिलं होतं.

‘चार शंख नेल्याने काय बिघडतं’ हेही आपण जाता जाता विचारलंत. स्पेनमधल्या लार्गा किनाऱ्यावर 1978 ते 1981 आणि 2008 ते 2010 या दोन काळांची तुलना झाली आहे. पर्यटक जवळजवळ तिपटीने वाढले आणि वाळूतले शिंपले-शंख 60 टक्क्यांहून अधिक घटले. प्रत्येक जण चारच नेत असतो.

अळ्या आणि भक्षकांचा मुद्दा वेगळा आहे, तो मी कुठेही नाकारलेला नाही. भक्षकापासून वाचवतो तोही शंखच, एवढं म्हणून तो इथे सोडतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. अळ्यांबद्दल तुमची स्वतःची काही निरीक्षणं असतील तर जरूर लिहा, मी लक्ष देऊन वाचेन. ‘बालिश’सारखे शब्द मात्र पुन्हा वापरू नका, माझे लेख शाळकरी मुलंही वाचतात आणि प्रश्न विचारतात.