रडू आलं नाही म्हणजे पश्चात्ताप खोटा? असं काही नाहीये

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय की प्रार्थनेत डोळ्यातून पाणी आलं नाही तर देव पश्चात्ताप मानतच नाही. बायबलमधे असा नियम कुठेच नाहीये. लूक 19 काढून बघा, जक्कय जकातदारांचा मुख्य, चांगला पैसेवाला, तो रडला असा एक शब्द नाही तिथे, उलट उभा राहून सरळ म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो, आणि येशू तिथल्या तिथे सांगतो की आज या घराला तारण मिळालं. आता एसाव, ज्याने एका जेवणासाठी थोरलेपणाचा हक्क विकून टाकला होता, तो तर नंतर रडून रडून आशीर्वाद मागत होता, तरी इब्री 12:17 प्रमाणे हाती काही लागलं नाही. येशूला पकडून देणाऱ्या शिष्याला, यहूदाला पण पस्तावा झालाच की, त्यासाठी मिळालेली चांदीची 30 नाणी परत नेऊन टाकली, पण येशूकडे मात्र वळला नाही.

अश्रू वाईट असं कोणी म्हणत नाहीये हां, येशूचा शिष्य पेत्र पण, येशूला ओळखत नाही असं म्हणून बसल्यावर, ढसाढसा रडला होता. पण ज्यांना रडूच येत नाही त्यांना घाबरवणारे असले मेसेज प्लीज पुढे ढकलू नका.