पाच डॉलरचा हिशेब

परवा भाचा घरी आला होता. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण मनाने पूर्णवेळ बँडमध्ये. आल्या आल्या लॅपटॉप उघडला, "मामा, जरा एक शीट बघ ना." सीए असल्याचा हा तोटा. लग्नाच्या हॉलपासून गृहकर्जापर्यंत सगळ्या शीट माझ्यापुढे येतात. बघितली. व्हिडिओ शूट, टी-शर्ट दोनशे नग, मॅनेजरचे वीस टक्के, सोशल मीडिया सांभाळणाऱ्याचा महिना. खर्चाची बाजू पानभर. जमेला एकच ओळ: 'स्पॉन्सर - बोलणं चालू'.

गाणी किती तयार आहेत, विचारलं. साडेतीन.

मग मी त्याला फुगाझी हा जुना अमेरिकी पंक बँड ऐकवला. दोन मिनिटं मान हलवून म्हणाला, "हे ते साधुबाबा ना? टी-शर्ट न विकणारे?"

या बँडची ख्याती ही अशी. तिकीट पाच डॉलर, मोठी कंपनी नको, टी-शर्ट नको. ते गाजत होते तेव्हाही अफवा होती, की ही माणसं बिनहीटरच्या घरात नुसता भात खाऊन राहतात. भक्तांनी त्यांचे पार संत करून टाकलेत. मला ते पटत नाही. माझ्या मते फुगाझीइतका हिशेबी बँड दुसरा झाला नाही. 'हिशेबी' हा आपल्याकडे टोमणा असतो, मी कौतुकाने म्हणतोय.

गोष्ट सुरू होते एका सिगारच्या डब्यापासून. वॉशिंग्टन डीसी, १९८०. इयन मकाय नावाचा पोरगा टीन आयडल्स नावाच्या चौघांच्या पंक बँडमध्ये बास वाजवायचा. कार्यक्रमाचे जे काही पैसे यायचे ते कुणी खिशात घालायचं नाही, डब्यात टाकायचे. वर्षभरात बँड मोडला तेव्हा डब्यात साधारण सहाशे डॉलर निघाले. वाटून घेतले असते तर माणशी दीडशे. त्यांनी त्यातून एक छोटी रेकॉर्ड काढली, हजार प्रती. कव्हरं हातांनी कापली, दुमडली, चिकटवली. त्या रेकॉर्डसाठी जे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं ते डिस्कॉर्ड. आजही चालू आहे. आपल्याच गावातल्या बँडांच्या रेकॉर्ड काढायच्या, खर्च वजा जाता उरेल तो नफा वाटून घ्यायचा, आणि करारपत्र करायचं नाही. हे शेवटचं पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. चाळीसहून जास्त वर्षं झाली, माझ्या कितीतरी क्लायंटांची शंभर रुपयांच्या स्टँपवरची भागीदारी तेवढी टिकली नाही.

मकायचा पुढचा बँड मायनर थ्रेट १९८३मध्ये संपला आणि १९८७मध्ये फुगाझी उभा राहिला. जो लॅली बासवर, ब्रेंडन कँटी ड्रमवर, आणि थोड्याच दिवसांत मकायच्या जोडीला गायक गाय पिचोटो. नाव व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांच्या तोंडचं. फुलफॉर्म इथे लिहीत नाही, काकू-मावश्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

आता पाच डॉलरकडे येऊ. लोकांना वाटतं, त्यांनी आधी तत्त्व म्हणून पाच डॉलर ठरवले आणि मग हाल सोसले. मी ते वहीच्या उलट्या बाजूने वाचतो. मॅनेजर ठेवला नाही, दौऱ्याची बुकिंगं मकाय स्वतः फोनवर करायचा. व्हॅन स्वतः चालवायची. सुरुवातीच्या दौऱ्यांत हॉटेल नाही, ओळखीच्याच्या घरी जमिनीवर अंथरूण. असं केलं की ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा हा आकडा, इतका खाली येतो, की पाच डॉलरच्या तिकिटातही व्हॅनचं पेट्रोल सुटून चौघांच्या हातात काही पडतं. सीडी दुकानात पंधरा डॉलरच्या आसपास मिळायच्या, त्या काळात यांच्या अल्बमच्या मागे टपालखर्चासकट स्वस्त किंमतच छापलेली असे. दुकानदाराला वर चढवायला जागाच नाही.

दुसरा नियम, कार्यक्रम सगळ्या वयांच्या लोकांसाठी खुला. हा वरवर भाबडा वाटतो, पण अमेरिकेत बँड वाजतात ते बारमध्ये, आणि बारची कमाई दारूवर. म्हणजे पंधरा वर्षांच्या पोराला प्रवेश नाही. नियम पाळायचा तर चर्चचे हॉल, कम्युनिटी सेंटर, शाळांच्या जिम शोधाव्या लागतात. त्यांनी त्या शोधल्या. फिलाडेल्फियाच्या एका जिममध्ये १९८८ साली पिचोटो बास्केटबॉलच्या रिंगमध्ये उलटा लटकून गायला होता. बारमध्ये कुठली आलीय रिंग!

आणि माझा सगळ्यात लाडका तपशील. समोर कुणी मारामारी करायला लागला की गाणं थांबायचं, त्याला बाहेर काढलं जायचं आणि हातात पाच डॉलर परत. त्यासाठी नोटा घातलेली पाकिटं तयार असायची. रिफंडची तरतूद! माझ्या ऑडिटच्या आयुष्यात इतकी चोख तरतूद मी फार कमी ठिकाणी बघितलीय.

१९९१च्या शेवटी निर्वाणा या बँडचा धमाका झाला आणि मोठ्या कंपन्या चेकबुक घेऊन असल्या बँडांच्या मागे धावू लागल्या. १९९३मध्ये न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूमला अटलांटिक रेकॉर्ड्स या बड्या कंपनीचे संस्थापक अहमेत एर्टेगन स्वतः भेटायला आले. तुमचं वेगळं लेबल काढून देतो, म्हणाले. फुगाझीने नम्रपणे नाही म्हटलं. सगळे याला त्याग म्हणतात. भाच्याला मी 'उचल' हा शब्द समजावला. ऊसतोडीला जाणारा माणूस मुकादमाकडून उचल घेतो आणि मग हंगामभर ती फेडतो. रेकॉर्ड कंपनीचा अ‍ॅडव्हान्स ही तीच चीज, फक्त एसीतली. रॉयल्टीतून वळता होतो, आणि तो फिटेपर्यंत कधी, काय आणि कसं वाजवायचं यात मुकादमाचं तोंड असतंच. फुगाझीला त्या पैशांची गरज नव्हती, कारण खर्चच वाढवला नव्हता.

त्याचा फायदा कुठे झाला तेही बघा. १९९२मध्ये ते शिकागोला स्टीव्ह अल्बिनी या नामांकित रेकॉर्डिस्टकडे रेकॉर्डिंगला गेले. तिथे सगळे खूश. घरी येऊन ऐकलं तर मजा नाही. सगळं बाजूला ठेवलं आणि आपल्या नेहमीच्या इनर इअर स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड केलं. कुणाला विचारायचं नव्हतं, कुणाची तारीख पाळायची नव्हती. तो अल्बम १९९३ला निघाला आणि बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या पहिल्या दोनशेच्या यादीत जाणारा त्यांचा पहिला ठरला.

आता माझी कुरबूर. ही मंडळी वॉशिंग्टनच्या शिकल्यासवरल्या घरांतली होती, मकायचे वडील पत्रकार. आपटलो तरी डोक्यावर छप्पर आहे, ही खात्री मोठं भांडवल असते आणि ते ताळेबंदात दिसत नाही. शिवाय स्टेजवरून प्रेक्षकांना समज देण्याची सवय. बाविसाव्या वर्षी मला ती भारी वाटायची, आज कुणी मला असं सुनावलं तर मी पाकीट घेऊन घरी येईन.

मी त्यांना ऐकायला लागलो ते आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या उमेदवारीत, रूममेटने जाळलेल्या एमपीथ्री सीडीवर. तोवर ते थांबलेही होते. शेवटचा कार्यक्रम ४ नोव्हेंबर २००२, लंडन. निरोपाचा दौरा नाही, भांडण नाही. मुलंबाळं झाली, महिनोन् महिने घराबाहेर राहणं जमेना. कर्ज नव्हतं, कुणाला पुढचे तीन अल्बम कबूल केलेले नव्हते, म्हणून थांबता आलं. किती बँड निव्वळ देणं फेडायला म्हातारपणी पुन्हा एकत्र येतात, ते बघा.

२०११ला त्यांनी जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं ऑनलाइन विकायला सुरुवात केली. हजाराच्या आसपास कार्यक्रमांपैकी आठशेहून जास्त त्यांच्याकडे टेपवर होते. सुचवलेली किंमत अर्थातच पाच डॉलर, पण एक ते शंभरमध्ये तुम्ही द्याल ती. मी पाच दिले. (त्यावर बँकेने जे परकीय चलनाचं शुल्क लावलं त्याबद्दल वेगळी पोस्ट लिहावी लागेल.) प्रत्येक कार्यक्रमाच्या पानावर तारीख, जागा, सोबत कोण वाजलं, दारावरचं तिकीट आणि किती माणसं आली होती, अशी नोंद. हा माझ्या लेखी निव्वळ संगीताचा संग्रह नाही, खातेवही आहे. रविवारच्या रविवार मी त्यात डोकं घालून बसतो, बायको म्हणते, घरी पण ऑडिटच का?

भाच्याला ती पानं दाखवली. बराच वेळ खाली खाली स्क्रोल करत होता. मग शीटमधून मॅनेजर उडवला, व्हिडिओ उडवला. टी-शर्ट मात्र दोनशेचे पन्नास केले, "तेवढं राहू दे मामा, आईने रंग ठरवलाय."

पुढच्या महिन्यात नाशिकला एका मित्राच्या क्लासच्या हॉलमध्ये वाजवणार आहेत. तिकीट शंभर रुपये. टेम्पो ड्रमरच्या काकांचा, फुकट. काका मासळीचा धंदा करतात, त्यामुळे अँप आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे की टेम्पो आधी धुवायचा, यावर ग्रुपवर कालपासून चर्चा चालू आहे.