‘अर्ध्या तासात होतं’ म्हणणाऱ्या जुन्या वाचकांना उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

प्रतिक्रियेबद्दल आभार. एरवी दोन ओळींत उत्तर देऊन मी मोकळा होतो, पण आपण ज्या सुरात लिहिलंत त्याला दोन ओळी पुरणार नाहीत. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अँड्रॉइड सोडून आयफोन घेताना किंवा आयफोन सोडून अँड्रॉइड घेताना काय काय मागे राहतं, यावर मी लेख लिहिला होता. आपलं म्हणणं असं की मी उगाच बाऊ केला. हे सगळं ‘आजकाल अर्ध्या तासात होतं’. अपडेटबद्दलची माझी माहिती शिळी आहे. मला एका कंपनीचा पुळका आहे. जो फोन चार-पाच वर्षं वापरायचा तो एका दिवसाच्या त्रासावरून निवडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आणि वर, ‘लेखकाने स्वतः कधी फोन बदललेला दिसत नाही.’

शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलतो, कारण लागलं ते तेच. माहिती चुकली असेल तर चूक दाखवा, मी दुरुस्त करतो. पण ‘दिसत नाही’ म्हणजे कुठून दिसत नाही? गेली बारा वर्षं मी लोकांचे फोन इकडून तिकडे हलवून देतोय. हे मिरवायला सांगत नाही, विचारलंत म्हणून सांगतो. आणि ‘जुना वाचक’ अशी सही करून लेखाचा मधला भाग न वाचता लिहायचं, हे काही जुन्या वाचकाचं लक्षण नव्हे.

एक चूक मात्र कबूल करतो. अँड्रॉइडला ‘फार तर चार वर्षं’ अपडेट मिळतात असं मी लिहिलं होतं, ते आता सरसकट खरं नाही. गूगलने पिक्सेल ८ ला (२०२३) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला (२०२४) सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही सात वर्षं मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही डबा उघडल्या दिवसापासून नव्हे; दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलंत तर पाचच उरतात. आणि त्याच कंपन्यांच्या सगळ्याच फोनना सात मिळत नाहीत, मॉडेलचं नाव घालून तपासावं लागतं. तुलनेसाठी, २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८ (आयओएस म्हणजे आयफोनची प्रणाली) मिळालं आणि २०२५ च्या आयओएस २६ ने त्याला वगळलं. म्हणजे या बाबतीत आज दोन्हीकडे फारसा फरक नाही. झालं समाधान?

आता ‘अर्धा तास’.

आपण कुठल्या फोनवरून कुठल्या फोनवर गेलात ते लिहिलंच नाहीत. माझा अंदाज, अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर. दोन्ही फोन केबलने जोडले, खातं तेच, बॅकअप तोच. जमतं अर्ध्या तासात, कोण नाही म्हणतंय? आयफोनवरून आयफोनवर जातानाही दोन फोन शेजारी ठेवले की पुष्कळसं काम आपोआप होतं. पण माझ्या लेखाचं पहिलंच वाक्य ‘प्लॅटफॉर्म बदलताना’ असं आहे. गल्लीत सायकल चालवून घाटाबद्दल मत देऊ नये.

व्हॉट्सॲपचंच घ्या. अँड्रॉइडवरचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो, आयफोनवरचा ॲपलच्या आयक्लाउडमध्ये. एकाचा बॅकअप दुसऱ्याला उघडता येत नाही. ‘बॅकअप आहे ना, मग काळजी कसली’ म्हणणारे इथेच फसतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा हलवायला ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप अँड्रॉइडवर लागतं, आणि ही सोय २०२२ पासूनची आहे. अटी अशा: आयफोन कोरा हवा, म्हणजे नवा किंवा पूर्ण रीसेट केलेला, नंबर दोन्हीकडे तोच, दोन्ही फोन चार्जरला लावलेले. आयफोन सुरू करून तुम्ही घाईघाईने ‘नंतर बघू’ केलंत, चार ॲप टाकलीत आणि संध्याकाळी गप्पांची आठवण झाली, की सरळ मार्ग एकच उरतो: आयफोन पुसा आणि पहिल्यापासून सुरू करा. हा झाला पहिला अर्धा तास, पाण्यात.

आणि हलवताना काय होतं ते जवळून बघा. आयफोनवर आकडी कोड येतो, तो अँड्रॉइडमध्ये टाकायचा. मग आयफोन स्वतःचं तात्पुरतं वायफाय तयार करतो आणि अँड्रॉइड त्याला जोडला जातो. त्या वायफायला इंटरनेट नसतं. अँड्रॉइडच्या ते लक्षात येतं आणि तो शहाणपणा करून मोबाइल डेटावर किंवा घरच्या वायफायवर उडी मारतो. जोडणी तुटते, किती काम झालं ते दाखवणारी पट्टी अडकते. म्हणून मोबाइल डेटा आधी बंद करायचा, आणि ‘चांगलं नेटवर्क आपोआप निवडा’ अशा अर्थाचा जो पर्याय सेटिंग्जमध्ये असेल तोही. काम चालू असताना अँड्रॉइडवर दुसरं ॲप उघडायचं नाही, फोन आला तर घ्यायचा नाही, स्क्रीन झोपू द्यायची नाही. शेवटी अँड्रॉइडवर ‘झालं’ असं येतं, पण आयफोनवरची पट्टी अजून सरकत असते. खरी ती आयफोनवरची. अँड्रॉइडचं ऐकून आयफोन उचलून खिशात घातला की अर्धे फोटो तिकडेच राहतात.

काय काय हलवायचं त्या यादीत व्हॉट्सॲप निवडलं की ते आधी आपला डेटा बांधायला घेतं. बांधून झालं की जुन्या फोनवरून तुम्हाला लॉगआउट करतं, मग ‘पुढे’ दाबून हलवण्याच्या ॲपमध्ये परत यायचं. आयफोनवर व्हॉट्सॲप टाकून तोच नंबर घातल्यावर गप्पा आत येतात. कॉलची नोंद येत नाही. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन (नंबर नव्याने नोंदवताना विचारला जाणारा जादा पिन) लावलेला असेल आणि आठवत नसेल, तर ईमेल जोडलेला असल्याशिवाय सात दिवस थांबावं लागतं. सात दिवस, अर्धा तास नव्हे. आणि नव्या फोनवर आयक्लाउड बॅकअप वेगळा चालू करावा लागतो, जिथे फुकट जागा ५ जीबी. लेखात या ५ जीबीबद्दल मी काय लिहिलंय ते वाचलं असतंत तर ‘पुळका’ हा शब्द आपल्या बोटांतून उतरला नसता.

फोटोंचा हिशोब तर साधा गुणाकार-भागाकार आहे. ६० जीबी फोटो-व्हिडिओ, वायफायचा टिकाऊ वेग सेकंदाला २० एमबी धरला, तर ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं. नुसते फोटो, तेही काहीच न अडकता. त्यात गूगल फोटोजमध्ये कधीकाळी ‘जागा मोकळी करा’ दाबलेलं असेल, तर मूळ फोटो फोनवर नसतातच. हलवणारं ॲप फोनवर जे आहे तेवढंच नेतं. मग लोक म्हणतात फोटो गेले. गेले नाहीत, गूगलच्या खात्यात आहेत, आयफोनवर गूगल फोटोज टाकलं की दिसतील. पण ते ठाऊक होईपर्यंत पोटात गोळा येतो तो येतोच. उलट दिशेने, आयक्लाउडमधले फोटो गूगलकडे पाठवायची सोय ॲपलने २०२१ पासून दिली आहे, आणि त्याला लागणारा वेळ ॲपल स्वतःच ३ ते ७ दिवस सांगतं.

उलट दिशेचा विषय निघालाच आहे तर आयमेसेज, म्हणजे आयफोन-आयफोनमधली ॲपलची संदेशसेवा. आयफोन सोडताना सिम त्यातच असताना आयमेसेज आणि फेसटाइम बंद करायचं. विसरलात, तर ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांचे संदेश ॲपलच्या वाटेनेच जात राहतात आणि तुमच्या अँड्रॉइडवर येतच नाहीत. समोरच्याला वाटतं तुम्ही उत्तर देत नाही. ॲपलच्या संकेतस्थळावर नंबर नोंदणीतून काढायचं पान आहे, नंबर टाकायचा, एसएमएसने कोड येतो, तो भरायचा. दोन मिनिटांचं काम आहे, फक्त ते करायला हवं हे कळायला कधीकधी महिना जातो.

अहो, आणि ऑथेंटिकेटर! त्याचा आपण उल्लेखसुद्धा केला नाहीत. ज्या ॲपमधून लॉगिनसाठीचे सहा आकडी कोड येतात ते नव्या फोनवर टाकलं म्हणजे कोड आले असं नाही. गूगलचं ऑथेंटिकेटर २०२३ पासून खात्यात साठवण करतं, पण ती चालू असेल तरच. नाहीतर जुन्या फोनवर ‘ट्रान्सफर अकाउंट्स’मध्ये जाऊन क्यूआर कोड काढायचा आणि नव्याने स्कॅन करायचा, खाती जास्त असली की क्यूआर एकापेक्षा जास्त येतात, पहिलाच स्कॅन करून थांबू नका. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटरची गंमत अशी की अँड्रॉइडवरचा बॅकअप आयफोनवर उतरवता येत नाही, आयफोनवरचा अँड्रॉइडवर नाही. प्रत्येक खातं हाताने पुन्हा जोडा. आणि हे सगळं जुना फोन पुसायच्या आधी. आधी पुसला तर प्रत्येक सेवेच्या मागे ‘मी मीच आहे’ हे पटवत फिरायचं. बँकांची ॲपही बहुतेक पुन्हा नोंदवावी लागतात, आणि ती वेळ सिम नव्या फोनमध्ये गेल्यानंतरची.

हे सारं धरून मी लेखात ‘एक पूर्ण दिवस राखून ठेवा आणि जुना फोन दोन आठवडे तसाच ठेवा’ असं लिहिलं होतं. आपण त्याला ‘बाऊ’ म्हणालात. तुम्ही (‘आपण’ आता पुरे झालं) मला सांगा, यातला कुठला टप्पा मी कल्पनेतून काढला?

राहिला तो मुद्दा, की चार-पाच वर्षांचा फोन एका दिवसाच्या त्रासावरून का निवडायचा. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण लेख निवडीवर नव्हताच, हलवण्यावर होता. शेवटच्या परिच्छेदात ‘त्रास नको असेल तर आहे त्याच प्लॅटफॉर्मवर राहा’ असं एक वाक्य आहे हे खरं, पण एका वाक्यावरून लेखाचं मोजमाप करायचं नसतं. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. खरेदी केलेली ॲप दुसरीकडे पुन्हा विकत घ्यावी लागतात हेही तुम्ही ‘किरकोळ’ म्हणून उडवलंत, असेल तुमच्यासाठी.

मनगटावर घड्याळ असेल तर मात्र ते किरकोळ म्हणू नका. ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही. आणि २०२१ च्या गॅलेक्सी वॉच ४ पासून सॅमसंगची घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. पिक्सेल वॉचचंही तेच. इअरफोनचं तसं नाही, एअरपॉड्स अँड्रॉइडवर साध्या ब्लूटूथसारखे चालतात, थोड्या सोयी जातात इतकंच.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत बसत नाही. प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. फक्त पुढची लिहिण्याआधी एवढं करा: तुमचं गूगल ऑथेंटिकेटर उघडा, वरच्या कोपऱ्यात ढगाची खूण आहे का बघा, आणि त्यावर काट असेल तर ती खाती आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. त्यानंतर किती वेळ लागला तोही लिहा.