सोडून जातो म्हटल्याशिवाय यांचा भाव उतरत नाही

जे गिऱ्हाईक वर्षानुवर्षं एक महिना न चुकवता पैसे भरतं, त्याच्याकडून सगळ्यात जास्त उकळायचं आणि जो वैतागून बंद करून निघून गेला त्याच्या मागे ऑफर घेऊन धावायचं, हा टीव्हीवाल्यांचा धंदा आता डोक्यात जातोय. डीटीएच असो नाहीतर केबल, सगळीकडे हीच तऱ्हा. जो गप्प बसतो तो लुबाडला जातो. आणि गप्प कोण बसतं? आपले आईवडील. ज्यांना ॲप उघडता येत नाही, कस्टमर केअरशी भांडता येत नाही, आणि रात्रीच्या दोन मालिका चुकल्या तर ज्यांचा दिवस सुना जातो, ते लोक.

माझी आई चिपळूणला एकटी असते. तिचा रिचार्ज मी डोंबिवलीहून करते. तिचं टीव्ही बघणं किती, तर मराठी मालिकांच्या दोन-तीन वाहिन्या, एक बातम्यांची, सह्याद्री आणि सकाळी कीर्तन-अभंग लागतात ते. एवढ्यासाठी रिचार्जची रक्कम दर काही महिन्यांनी वर सरकत होती. कधी दहा रुपये, कधी पंधरा. विचारलं की एकच उत्तर: "मॅडम, ब्रॉडकास्टरने रेट वाढवले." म्हणजे प्रसारकांनी, वाहिन्यांच्या मालक कंपन्यांनी. बरं, वाढवले असतील. मग गेल्या हिवाळ्यात आई आमच्याकडे राहायला आली म्हणून मी रिचार्ज केलाच नाही. तर काय व्हावं? फोन सुरू झाले. आधी मेसेज, मग माणसाचा फोन. तेच पॅक, त्याच वाहिन्या, बऱ्याच कमी पैशांत, वर एक महिना फुकट. मी त्या मुलाला विचारलं, हा भाव आधी का नव्हता? तो म्हणाला, "ही ऑफर फक्त बंद असलेल्या खात्यांसाठी आहे."

फक्त बंद असलेल्या खात्यांसाठी! म्हणजे आई जोवर इमानाने पैसे भरत होती तोवर तिला हा भाव मिळणं शक्यच नव्हतं. तो भाव त्यांना परवडत होता. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो होता. तिला सांगितला नाही, एवढंच. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला जे वाचायला दिलंय ते तो वाचतो. राग आहे तो हे ठरवून करणाऱ्यांवर.

आणि हे सगळं ज्या नियमांच्या नावाखाली चाललंय, ते नियम आपल्यासाठी आणले होते, हे विसरू नका. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे फोन आणि टीव्ही कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नवी दरपद्धत लागू झाली. तेव्हा काय सांगितलं होतं? जे बघता त्याचेच पैसे द्या. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर होणार, तुम्ही निवडायची, बाकीच्या काढून टाकायच्या. पण वाहिनी निवडायच्या आधीच जोडणीचं भाडं म्हणून जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे कशाचे? शंभर साध्या वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचे. म्हणजे एकही पैसेवाली वाहिनी घेतली नाही तरी दीडशे रुपये गेलेच. माझ्या आईला शंभर वाहिन्या नकोत, तिला सात-आठ हव्यात. सात-आठ वाहिन्यांचं भाडं वेगळं का नाही, याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. पुढे त्याच १३० रुपयांत शंभरच्या दोनशे वाहिन्या केल्या आणि ग्राहकाचा फायदा झाला म्हणून सांगितलं. ज्याला आठ हव्यात त्याला दोनशेचा काय उपयोग?

मग वाहिन्यांच्या किमती. पॅकमध्ये घालायची असेल तर वाहिनी १९ रुपयांच्या वर नको, असा नियम होता. झालं, ज्या वाहिनीला लोक सोडणार नाहीत ती थेट १९ च्या कडेला नेऊन ठेवली. सुटी घेतली तर करासकट २२ रुपये ४२ पैसे, आणि तीच वाहिनी आणखी आठ-दहा नको असलेल्या वाहिन्यांबरोबर पॅकमध्ये घेतली तर थोडेसेच जास्त. साखर मागायला गेलं की वाण्याने दोन साबण आणि मुंग्यांची पावडर गळ्यात मारावी, तसं. त्यातून निवड कसली करणार? २०२० मध्ये ट्रायने ती मर्यादा १९ वरून १२ वर आणली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो नियम बहुतांशी मान्यही केला. तर प्रसारकांनी लोकांच्या आवडीच्या वाहिन्या पॅकमधून बाहेर काढून १२ च्या वर भाव जाहीर केले, म्हणजे लोकांनी बोंब मारावी आणि नियम मागे जावा. आणि गेलाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्यादा पुन्हा १९ वर. पुढच्या फेब्रुवारीत नव्या दरांचे करार करायला काही केबल कंपन्यांनी नकार दिला, तर मोठ्या प्रसारकांनी त्यांचे सिग्नलच बंद केले. भांडण त्यांचं आपापसात, काळा पडदा आपल्या घरात. पैसे आपण आगाऊ भरलेले.

आता सगळ्यात संतापजनक गोष्ट. जुलै २०२४ मध्ये ट्रायने जोडणीच्या भाड्यावरची ती १३० रुपयांची मर्यादाच उठवली. आता जोडणीचं भाडं किती घ्यायचं ते कंपनी ठरवणार. एवढंच नाही, वेगवेगळ्या भागांसाठी आणि ग्राहकांच्या वेगवेगळ्या वर्गांसाठी वेगवेगळं भाडं लावायचीही मुभा दिली. अट एक, सगळे दर जाहीर करायचे आणि ग्राहकाला कळवायचे. म्हणजे एकाच वाडीतल्या दोन घरांना दोन भाव लावता येतील. माझ्या आईचा वर्ग कोणता, ते मला कुणी सांगेल का? 'कधी तक्रार करत नाही' हा वर्ग का?

बरं, पैसे जास्त घेता तर सेवा तरी द्या. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हे काही गुपित नाही. गच्चीवरच्या डिशच्या छत्रीवर येणारा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या जोरदार पावसात शोषल्या जातात, हेही कंपनीच्या कुठल्याही टेक्निशियनला ठाऊक असतं. त्यावर काय करायचं तेही ठाऊक असतं: छत्री मोठी लावा, तिचा रोख नीट साधा, जुनी वायर आणि गंजलेला एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग, बदला. पण कोकणात तीच लहान छत्री मारतात जी कोरड्या मुलखात मारतात. मग जून ते सप्टेंबर संध्याकाळ झाली, ढग आले, की पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही'. ढगफुटीत जातो ते समजू शकते मी. साध्या सरीला का जातो? तक्रार केली की "मॅडम, हवामान खराब आहे, थोडा वेळ थांबा." किती थांबायचं, ऑक्टोबरपर्यंत? त्या चार महिन्यांचे पैसे मात्र पूर्ण. टेक्निशियन बोलावला तर भेटीचे पैसे वेगळे, आणि आला तर छत्री जरा हलवून, "आता बघा काकू, येतंय" म्हणून निघून जातो. उन्हात येणारच ना. पाऊस आला की गेला.

आणि भाषेचं काय? ग्राहक महाराष्ट्रातला, वाहिन्या मराठी, पैसे महाराष्ट्रातून गोळा करता, आणि फोन लावला की आधी हिंदी आणि इंग्रजी. मराठीचा आकडा दाबला तरी बऱ्याचदा उचलणारा हिंदीतच सुरू करतो. माझी आई हिंदी समजते, पण 'आपका रजिस्टर्ड नंबर कन्फर्म कीजिए' या थाटात चाललेल्या भराभर बोलण्यापुढे ती गांगरते आणि "राहू दे" म्हणून फोन ठेवते. तिने ठेवला की त्यांच्याकडे तक्रार निकालात निघाल्याची नोंद. नंतर मेसेज येतो, तुमच्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. काय झालं निराकरण? कोणी केलं?

त्यात ते रिमोटवरचं बटण. भक्तिसंगीत, पाककृती, जुने सिनेमे असल्या स्वतःच्या जास्तीच्या सेवा ते पडद्यावर मधेच आणतात, 'ओके दाबा, पाहा'. आईने दाबलं. फुकट दिवस संपले आणि रोजचे पैसे कापायला सुरुवात झाली. मला कळलं ते रिचार्ज महिना संपायच्या आत संपला तेव्हा. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या एका बटणाच्या दाबण्याला तुम्ही संमती म्हणता? सुरू करायला एक बटण, आणि बंद करायला कस्टमर केअर, ओटीपी, आणि 'आपण खरंच बंद करू इच्छिता का' हे पुन्हा पुन्हा.

लोक म्हणतात, मग कंपनी बदल. बदलून दाखवा! मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ मध्ये देशभर झाली. टीव्हीचं काय? तुमचा सेट टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीत चालत नाही. कोणत्याही कंपनीत चालेल असाच बॉक्स असावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. अजून आपल्या घरातला बॉक्स कंपनी सोडली की भंगार. छत्री गंजत गच्चीवर. नवीन घ्यायचा तर नवीन बॉक्स, नवीन जोडणी, परत हजार-दीड हजार. हे त्यांना पक्कं माहीत आहे, म्हणून तर त्यांची हिंमत होते. केबलचं तर आणखी वाईट. गल्ली कुणाची हे ठरलेलं असतं. शेजारच्या आळीतला केबलवाला स्वस्त आणि चांगला असला तरी तो आपल्याकडे वायर आणत नाही. "ती त्याची हद्द आहे." आपण काय त्यांच्या हद्दीतली मालमत्ता आहोत?

क्रिकेटबद्दल थोडं बोलतेच, कारण माझ्या भावाचं दरवेळी डोकं फिरतं. भारताचे महत्त्वाचे सामने खासगी वाहिनीने दूरदर्शनला द्यायलाच हवेत असा २००७ चा कायदा आहे. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिश या त्यांच्याच फुकटच्या डिशसेवेवरच दिसेल. म्हणजे फुकटच्या फ्री डिशवर दूरदर्शन लावा, सामना आहे. महिन्याला पैसे भरून घेतलेल्या जोडणीवर तीच दूरदर्शनची वाहिनी लावा, दुसरंच काहीतरी चालू. सामना बघायचा तर खेळाच्या वाहिनीचे पैसे वेगळे द्या. पैसे भरणाऱ्याला कमी आणि न भरणाऱ्याला जास्त. न्यायालयाचं कायद्याचं बोलणं असेल बरोबर, पण सर्वसामान्य माणसाला हे कोण समजावणार?

मग लोक सोडून जाताहेत यात नवल काय? पैसे भरून डीटीएच बघणाऱ्यांची संख्या २०१९ च्या सुमारास सात कोटींवर होती, २०२५ मध्ये ती सहा कोटींच्या खाली आली. कंपन्या मोबाईलला आणि फ्री डिशला दोष देतात. स्वतःच्या वागण्याला नाही. ज्यांना मोबाईलवर सगळं बघता येतं ते गेले. फ्री डिश ज्यांना चालते ते गेले. माझ्या आईला फ्री डिश चालत नाही, कारण तिला हवी ती मालिका ज्या वाहिनीवर लागते ती तिथे नसते. म्हणून ती अडकलेली. आणि अडकलेल्यांकडूनच वसुली चाललीय.

आता मी काय करते ते सांगते, कारण माझ्यासारखे दूर बसून आईवडिलांचा रिचार्ज करणारे हजारो असतील. पॅक सरळ रद्द करायला लावते आणि वाहिन्या एकेक निवडून एकूण किती होतात ते आधी मोजते. बऱ्याचदा सुट्या वाहिन्याच स्वस्त पडतात, ज्याच्या घरात मोजकंच बघितलं जातं त्याच्या बाबतीत तर नक्की. एचडी काढून टाकते. आईच्या जुन्या टीव्हीवर त्याचा फरक कळत नाही आणि पैसे जास्त जातात. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे एकदम भरायचे असतील तर सूट किती, ते आधी विचारते, आपणहून ते सांगत नाहीत. 'बंद करायचं आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगते, म्हणजे फोन थेट त्या माणसाकडे जातो ज्याच्याकडे खरा भाव असतो. आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवत नाही. त्यांनी ऐकलं नाही तर प्रत्येक कंपनीला तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमावाच लागतो, त्याला लेखी पाठवते. ट्रायकडे एकेकट्या माणसाची तक्रार पाठवून उपयोग नाही, ते ती निवाडा न करता कंपनीकडेच पुढे ढकलतात. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर बरा. तिथूनही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील नसला तरी चालतो.

पण हे सगळं मला का करावं लागावं? माझी नोकरी आहे, घर आहे. आणि ज्यांना डोंबिवलीत बसलेली मुलगी नाही त्या म्हाताऱ्यांनी काय करायचं? आमच्या वाडीत अशी कितीतरी घरं आहेत, मुलं मुंबईला किंवा परदेशात, आणि म्हातारी माणसं केबलवाला मागेल तेवढे पैसे मोजताहेत. कुणीही त्यांना कधी सांगत नाही की काकू, तुम्ही यातल्या निम्म्या वाहिन्या बघत नाही, काढून टाकूया का.

माझी मागणी साधी आहे. बंद खात्याला जो भाव देता, तोच चालू खात्याला द्या, आणि रिचार्ज संपायच्या आधी मेसेज पाठवता त्यात तो लिहा. मराठीत लिहा. नको असलेल्या सेवा विचारून सुरू करा, आणि ज्या बटणाने सुरू होतात त्याच बटणाने बंद होऊ द्या. कोकणात पावसाळ्याला पुरेल अशी छत्री लावा, नाहीतर ज्या दिवशी सिग्नल नाही त्या दिवसाचे पैसे परत करा. आईचा रिचार्ज या महिनाअखेरीस संपतोय. हे लेखी मिळेपर्यंत मी तो करणार नाही, आणि या वेळी आईलाही ते मान्य आहे.