‘गावाकडनं येणाऱ्यांनी’ म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच लिहायला बसलो होतो खरं बायको म्हणाली आत्ता नको, डोकं शांत होऊ दे. दोन दिवस थांबलो आणि आज लिहितोय.

बाकीच्यांना कळावं म्हणून सांगतो. मी फेरीवाल्यांच्या लायसनवर लिहिलं होतं, की बेळगावातल्या गणपत गल्ली, खडेबाजार भागात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांना अतिक्रमण म्हणून उठवण्याआधी त्यांची मोजणी करा, कार्ड द्या, जागा ठरवून द्या. त्यावर या साहेबांनी लिहिलंय, "लायसन नाही तर धंदा नाही, एवढं साधं आहे. गावाकडनं येणाऱ्या फुकट्यांनी शहराच्या फुटपाथवर हक्क सांगू नये. एसीत बसून लिहिणाऱ्यांना बाजारातलं काय कळतंय." शिवाय ट्रॅफिक, कचरा, दुकानदार टॅक्स भरतात वगैरे आहेच.

आधी माझी चूक सांगून टाकतो, कारण ती तुम्ही बरोबर पकडलीय. ‘विक्रेत्याला हलवताच येत नाही’ असं मी लिहिलं ते चुकलं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात कलम १८ आहे, त्यानुसार हलवता येतं, खरं त्याला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. मान्य. मात्र ती नोटीस कन्नडमधनं येते आणि बसणाऱ्या मावशीला वाचायला येतं फक्त मराठी, तेही अडखळत, मग ते ३० दिवस तिच्या काय कामाचे हे तुम्ही सांगा.

आता ‘फुकटे’. हा शब्द तुम्ही कुणाला वापरलात?

माझी आई कडोली बाजूच्या एका खेड्यातनं भाजी घेऊन यायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पहाटे चारला उठून शेपू, लाल भाजी, मेथीच्या पेंड्या बांधायच्या, बुट्टीत रचायच्या, वर ओलं बारदान टाकायचं, आणि वडापची गाडी मिळाली तर गाडीनं, नाही तर डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत. सुट्टीत मी बरोबर असायचो. बसल्या जागेची पावती रोज फाडली जायची, आई पैसे मोजून द्यायची आणि ती पावती कमरेच्या पिशवीत घडी घालून ठेवायची. फुकट कुणी बसू दिलं नाही साहेब, एक दिवस पण नाही.

एका तालुक्याच्या बाजारात, नाव घेत नाही, मी अकरा वर्षांचा असताना अतिक्रमण उचलणारी गाडी आली. कुणी काही बोललं नाही, विचारलं नाही, दोघांनी बुट्टी उचलली, तराजू उचलला, पितळेची वजनं पिशवीसकट गेली. पावती असताना. आई गाडीमागं पळाली आणि मी ओल्या बारदानावर बसून राहिलो, कारण ती जाताना म्हणाली होती जागा सोडू नकोस. तिसऱ्या दिवशी तराजू परत मिळाला. वजनांतलं अर्ध्या किलोचं आणि पाव किलोचं गायब, भाजी कुजून काळी झालेली, आणि काय घेतलं याचा कागद कुणाकडंच नाही. त्या मोसमात आईनं शेजारणीची वजनं मागून धंदा केला. तर बाजारातलं मला काय कळतंय, ते हे कळतंय.

म्हणून मला त्या कायद्याचं कलम १९ पाठ आहे. माल जप्त केला तर यादी द्यायची, नाशवंत माल मागितला त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. हे वाचताना माझ्या डोळ्यापुढं ते अर्ध्या किलोचं वजन येतं. तुम्हाला फक्त फुटपाथ दिसतोय.

आणि ‘लायसन नाही तर धंदा नाही’ एवढं साधं नाहीये हो. लायसन देणारा कोण? कलम ३ सांगतं की आधी सर्व्हे करा आणि सर्व्हे होऊन विक्रीचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. म्हणजे कार्ड नाही हा मावशीचा गुन्हा नाही, द्यायचं काम दुसऱ्याचं आहे. या कायद्यातली जी शहराची विक्रेता समिती आहे तिच्यात किमान ४० टक्के लोक विक्रेत्यांतनं निवडून आलेले पाहिजेत आणि त्यात एक तृतीयांश बायका. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे, २०११ च्या जनगणनेत बेळगावची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या वर होती, म्हणजे हिशेबानं बारा हजारांच्या आसपास माणसं. आणि रस्त्याकडेला धंदा करणं हा घटनेच्या १९(१)(जी) मधला हक्क आहे, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सोदान सिंग खटल्यात सांगितलंय. बंधनं घाला ना, कोण नको म्हणतंय? वेळ ठरवा, जागा आखून द्या, फी घ्या. आई पण तेच म्हणायची, ‘एक जागा दे म्हणावं, पैसे देते की’.

‘गावाकडनं येणाऱ्यांनी’ हे तर फारच लागलं. प्रमाणपत्राच्या अटी वाचा. धंदा स्वतः किंवा घरच्यानं करायचा, पोटापाण्याचं दुसरं साधन नको, जागा दुसऱ्याला भाड्यानं द्यायची नाही. माणूस शहरातला की येळ्ळूरचा, सांबऱ्याचा, असा प्रश्न त्यात नाही. शेती असलेल्याला ‘दुसरं साधन नाही’ असं लिहून देता येईल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय, ते वकिलांनी बघावं, दहा-बारा गुंठ्याला शेती म्हणून कुणाचं घर चालत नाही एवढं मला माहीत आहे. आज रात्री तुमच्या ताटात जी भाजी असेल ती कुठल्या गावातनं आली ते घरात विचारा एकदा. गावाची भाजी चालते आणि गावची बाई चालत नाही, हे मला पटत नाही आणि कधी पटणार पण नाही.

ट्रॅफिक आणि कचरा यावर सगळेच लिहितात, मी परत लिहीत बसत नाही. टॅक्सचं म्हणाल तर दुकानदारांबद्दल मला राग नाही, माझे दोन मामा दुकानदार आहेत. खरं दुकानाची पोती आणि डबे पायरीच्या खाली चार फूट आले तर त्याला अतिक्रमण म्हणून कोणी उचलत नाही, हे मी रोज बघतो, तुम्हीही बघत असाल.

एसीचं राहिलं. माझ्या घरात एसी नाही. असता तरी मी हेच लिहिलं असतं.

कायद्यावर, नकाशावर, वेळेवर बोलायचं असेल तर लिहा, मी उत्तर देईन. ‘फुकटे’ तेवढं काढा त्यातनं. आई सत्तरीची आहे, मी लिहिलेलं आणि खाली आलेलं सगळं नातवाकडनं वाचून घेते, आणि तुमचं पण तिनं ऐकलंय.